गुडघ्यातली अक्कल

मुलांनो, वर्गात एखाद्याने भलतंच उत्तर दिलं की मागच्या रांगेतून हमखास आवाज येतो, "याची अक्कल गुडघ्यात आहे!" आणि सगळा वर्ग हसतो. आपल्या मराठीने बिचाऱ्या गुडघ्याची चेष्टाच फार केली आहे. लग्नाला उतावीळ झालेला माणूस म्हणे गुडघ्याला बाशिंग बांधून बसतो. रुसलेला माणूस गुडघ्यात मान घालून बसतो. कौतुक करायचं तर ते हातांचं नाहीतर पायांचं. मधल्यामध्ये राबणाऱ्या गुडघ्याचं नाव कोणी काढत नाही. म्हणजे तो दुखेपर्यंत काढत नाही!

मी नाणे मावळातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते सातवीची शाळा. राहायला लोणावळ्यात. सकाळची पुण्याकडे जाणारी लोकल पकडायची, कामशेतला उतरायचं, पुढे जीप आणि शेवटी भाताच्या बांधांवरून वीस मिनिटं पायी. डी.एड.ला असताना मी कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळायचे. नोकरी लागल्यावरही खेळ सुटला नाही, कारण आमच्या शाळेतल्या मुलींना कबड्डीचं भारी वेड. त्यांना शिकवता शिकवता माझाही सराव चालू राहिला.

जानेवारी २०२३ मधली गोष्ट. संक्रांत झाली होती. शाळेत आयांचा मेळावा आणि हळदीकुंकू ठेवलं होतं. वाण देऊन झालं, उखाणे झाले, तिळगूळ झाला. मग कोणीतरी म्हणालं, "बाई, पोरींना रोज खेळवता, आज आम्हाला खेळवा की!" झालं! पदर खोचले गेले, फक्कीने मध्यरेषा आखली, आणि अर्धं गाव बघायला जमलं. चौथ्या का पाचव्या चढाईला मी एकीला हात लावला आणि मध्यरेषेकडे परत फिरले. पाऊल मातीत घट्ट रुतलेलं, आणि अंग मात्र वळलेलं. सुकी काटकी मोडावी तसा 'टक्' असा आवाज आला. मला कोणी पकडलं नव्हतं, कोणी ढकललं नव्हतं. तरी मी खाली बसले ती उठूच शकले नाही.

पाच मिनिटांत सल्लागारांची रांग लागली. कोणी तेल आणायला धावलं. कोणी म्हणालं, "पाय ओढा, म्हणजे शीर जागेवर बसेल." एक आजी तर मीठ-विटेचा शेक द्यायलाच निघाल्या. सगळी मायेची माणसं. पण कॉलेजात आमच्या खेळाच्या सरांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. मार ताजा असेल तर चोळायचं नाही, ओढायचं नाही, शेकायचंही नाही. मग आमच्या मुख्याध्यापकांनी गावातल्या दुकानातून पेप्सीच्या थंडगार कांड्या आणल्या. त्या रुमालात गुंडाळून पंधरा मिनिटं गुडघ्यावर धरल्या, वरून कापडी पट्टी बांधली आणि पाय दप्तरांच्या ढिगावर उंच ठेवला. तरी संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. "मोडलं काही नाही, आठवड्यात चालाल," असं सांगण्यात आलं. पंधरा दिवसांनी सूज उतरली, मी चालायला लागले, पण बांधावरून वळताना गुडघा एकदम दगा द्यायचा. जणू मधला खिळाच निघालाय! मग एमआरआय केला, तेव्हा उलगडा झाला. एक्स-रेत हाडं नीट दिसतात, पण हाडांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या दिसत नाहीत. आणि माझी दोरीच तुटली होती.

आता या दोऱ्यांची गंमत ऐका. गुडघ्यात वरून मांडीचं हाड येतं, खालून नडगीचं. समोर झाकणासारखी वाटी. दोन हाडं एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन मऊ गाद्या असतात. हे सगळं बांधलेलं असतं चार मुख्य बंधांनी. दोन बाजूंना दोन, आणि अगदी आत, फुलीसारखे एकमेकांना छेदून जाणारे दोन. या फुलीतला पुढचा जो बंध, त्याला डॉक्टर एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू न देणं आणि वळताना गुडघा सांभाळणं ही त्याची कामं. सरळ चालताना त्याची फारशी आठवण होत नाही. पण पळता पळता एकदम थांबायचं असलं, दिशा बदलायची असली किंवा उडी मारून उतरायचं असलं, की सगळा भार त्याच्यावर. कबड्डी, खो-खो, फुटबॉल या खेळांत आपण दुसरं काय करतो? म्हणूनच या खेळांत तो तुटतो, आणि पुष्कळदा कोणाचाही धक्का न लागता तुटतो.

हाड मोडलं तर प्लास्टरमध्ये ते सांधतं. हा बंध पूर्ण तुटला की सहसा आपोआप जुळत नाही. काही जणांचं नुसत्या व्यायामाने भागतं. पण मला रोज बांधावरून चालायचं होतं आणि मुलींना कबड्डीही शिकवायची होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, पण घाई केली नाही. "मेच्या सुट्टीत करू. तोवर मांडीचे स्नायू मजबूत करा. मजबूत पायावरची शस्त्रक्रिया चांगली निभावते," असं म्हणाले.

मग शाळेत मधल्या सुट्टीत माझा व्यायाम सुरू झाला. सतरंजीवर पाठ टेकायची, पाय सरळ ठेवायचा आणि तसाच वर उचलून दहा मोजायचे. पहिलीच्या मुलांना हे फार आवडलं. माझ्याभोवती कोंडाळं करून ती ओरडून मोजायची. दहा झाले की एक जण खडूने भिंतीवर रेघ मारायचा. दहा रेघा म्हणजे शंभर! त्या वर्षी आमच्या पहिलीला 'दशक' शिकवायला मला वेगळा तास घ्यावा लागला नाही.

त्याच दिवसांत, फेब्रुवारी २०२३ मध्ये, नागपूरला भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी होती. रवींद्र जडेजाच्या गुडघ्यावर आदल्या सप्टेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि त्यानंतरचा हा त्याचा पहिलाच कसोटी सामना. पठ्ठ्याने पहिल्या डावात पाच बळी घेतले, वर सत्तर धावा काढल्या आणि सामनावीर ठरला. दुसऱ्या दिवशी पाचवीतला एक पोरगा मला म्हणाला, "बाई, जडेजाचं झालं, आता तुमचं बी हुईल!" डॉक्टरांच्या सगळ्या कागदांपेक्षा मला त्या वाक्याने जास्त बळ दिलं. अर्थात प्रत्येकाची दुखापत वेगळी, बरी होण्याची चालही वेगळी. जडेजाचे दिवस मोजून आपला गुडघा बरा होत नसतो.

मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. पेन्सिलीएवढी दुर्बीण गुडघ्यात घालून, बाहेरच्या पडद्यावर बघत डॉक्टर काम करतात. मांडीच्या मागच्या बाजूची कंडरा घेऊन तिचा नवा बंध तयार केला, हाडांना बारीक भोकं पाडून त्यांतून ओवला आणि पक्का केला. आपल्याच शरीरातली एक दोरी काढून दुसऱ्या जागी बांधली म्हणा ना!

तुम्ही म्हणाल, झालं मग, आता पळा! तिथेच तर खरी परीक्षा असते. नवा बंध बसवला तरी शरीराला तो आपलासा करायला कित्येक महिने लागतात. सुरुवातीच्या महिन्यांत तो उलट कच्चाच असतो. वरून मात्र दुखणं थांबलेलं असतं, सूज गेलेली असते, आणि वाटतं की आता काय, बरे झालो. डॉक्टरांनी बजावलं होतं, "नऊ महिने होईपर्यंत कबड्डीच्या मैदानात पाऊल नाही. आणि नऊ महिने झाले तरी आधी पायाची ताकद तपासायची, मगच." दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नव्हे, हे त्या काळात मी भिंतीवर लिहून ठेवायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

जुलैत शाळेत रुजू झाले तेव्हा मावळात धो धो पाऊस. भुशी धरण भरून वाहत होतं, पुण्या-मुंबईची गर्दी लोणावळ्यात लोटली होती आणि आमचे बांध शेवाळाने गुळगुळीत झाले होते. बांधावरून चालायला मला बंदी होती. गावातल्या दुधाच्या गाडीने तो सगळा पावसाळा मला लांबच्या रस्त्याने शाळेच्या दारात सोडलं. पैसे विचारले तर चालक म्हणायचा, "बाई, पोरीला पाढे येत्यात, पोचले पैसे."

खुर्चीत बसून शिकवणं मला जड गेलं. पहिलीच्या मुलांना कसं, आपल्या उंचीवर बसलेली बाई लागते. मांडी घालून खाली बसायला मला ऑक्टोबर उजाडला. तोवर गुडघा किती वाकतो हे मोजायचं काम सातवीने घेतलं होतं. फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक लावून एक दिवस त्यांनी कोन मोजला, तर आला ७५ अंश. फिजिओथेरपिस्ट ताईंच्या कागदावर मात्र १०५! वर्गात एकच वादावादी. शेवटी एका मुलीने शोध लावला, "बाई, आपण पाय सरळ असला की १८० धरतो. त्या शून्य धरतात. पंच्याहत्तर आणि एकशे पाच मिळून एकशे ऐंशी!" पूरक कोनांचा धडा असा माझ्या गुडघ्यावर पार पडला.

आणि याच काळात मला कळलं, की गुडघ्यात खरोखरच थोडी अक्कल असते! करून पाहा. डोळे मिटून बसा आणि एक पाय हळूहळू वाकवा. न बघताही तुम्हाला कळतं ना, गुडघा किती वाकलाय ते? कारण गुडघ्याच्या बंधांमध्ये, स्नायूंमध्ये मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. सांधा कुठे आहे, किती ताणलाय, याची खबर ती सतत मेंदूला देत असतात. पाय खड्ड्यात पडायच्या आत तुम्ही स्वतःला सावरता ते या खबरांमुळेच. बंध तुटला की त्याच्याबरोबर ही तारही तुटते. म्हणून नुसती ताकद वाढवून चालत नाही, गुडघ्याला पुन्हा शहाणं करावं लागतं. त्यासाठी एका पायावर तोल सांभाळून उभं राहायचं. आधी भिंतीला धरून, मग न धरता, मग उशीवर.

आपण वृक्षासन करतो, साधारण तसंच ते. गंमत बघा, आमच्याच लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायला घेतलं. शंभर वर्षं झाली त्याला. तरी आम्ही आसनं म्हणजे योगदिनापुरती असं समजतो!

ऑगस्ट २०२३ मध्ये पेपरात बातमी आली, कुस्तीगीर विनेश फोगटच्या डाव्या गुडघ्याचा हाच बंध गेला. तिची कहाणी मी मुलींना सांगितली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चीनच्या सुन यानानशी लढताना तिचा उजवा गुडघा जायबंदी झाला होता. स्ट्रेचरवरून तिला बाहेर न्यावं लागलं. दोन वर्षांनी, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, पहिल्याच फेरीत तीच सुन यानान समोर आली. विनेशने तिला हरवलं आणि पुढे सुवर्णपदक जिंकलं. आता दुसरा गुडघा गेला होता. तरी वर्षभरात, पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये, ती अंतिम फेरीपर्यंत पोचली. तिथे शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्याने तिला बाद व्हावं लागलं, ते सगळ्या देशाला लागलं. पण तिचा गुडघा कमी पडला नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

आता जे सांगते ते जरा नीट ऐका. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली आणि केंद्राच्या स्पर्धा जवळ आल्या. आमच्या मुलींच्या संघाची कर्णधार सातवीत होती. तिचं नाव सांगत नाही, आपण तिला कर्णधारच म्हणू. एक दिवस मी व्हरांड्यात उभी होते. शाळेला तीनच पायऱ्या. कर्णधार चढताना दर पायरीला आधी डावा पाय टाकत होती, आणि उतरताना आधी उजवा. हे मला लगेच खटकलं, कारण सहा महिने मी तेच करत होते. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हा दुखऱ्या गुडघ्याचा नियमच आहे. म्हणजे हिचा उजवा गुडघा दुखत होता.

बाजूला घेऊन विचारलं. आधी "काय नाय बाई" झालं. मग डोळे भरून आले. "दोन महिने दुखतंय. पर सांगितलं तर घरचे खेळूच देणार न्हाईत."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. तिच्या वडिलांना शाळेत बोलावलं तर ते हात जोडून म्हणाले, "बाई, तुमच्या गुडघ्याचे हाल आम्ही डोळ्यांनी बघितले. पोरीची जात. उद्या लग्न करायचंय. खेळ बंदच करा."

मला काय बोलावं सुचेना. माझाच गुडघा माझ्या मुलींच्या आड आला होता! वडिलांच्या मागे आई उभी होती. हळदीकुंकवाच्या दिवशी माझ्या विरुद्ध संघातून खेळलेली. ती सहसा चारचौघांत बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "आषाढात दहा-दहा दिवस लावणीला चिखलात वाकून उभी असते मी. तवा न्हाई कोन म्हनलं, गुडघा जाईल, शेती बंद कर." बस्स, एवढंच. वडील काही बोलले नाहीत, पण मुलीला घेऊन डॉक्टरांकडे जायला तयार झाले.

तिचा बंध तुटलेला नव्हता. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या वरच्या टोकाला जोडलेला असतो. वाढत्या वयात तिथलं हाड अजून पक्कं नसतं. रोज उड्या मारून, धावून तो स्नायू त्या कोवळ्या जागेला ओढत राहतो, आणि तिथे दुखरा उंचवटा येतो. साधारण दहा ते पंधरा वर्षांच्या, भरपूर खेळणाऱ्या मुलामुलींत हे पुष्कळदा आढळतं. त्याला ओसगुड-श्लॅटर असं लांबलचक नाव आहे. शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. तोवर उड्या कमी, बर्फाचा शेक, मांडीला ताण देण्याचे आणि ताकदीचे व्यायाम. डॉक्टरांनी वडिलांना स्पष्टच सांगितलं, "खेळ बंद करू नका, खेळ कमी करा."

त्या वर्षी केंद्राच्या स्पर्धेत कर्णधार खेळली नाही. मैदानाबाहेर माझ्याशेजारी बसून ओरडून ओरडून तिने संघ खेळवला. आम्ही चार गुणांनी हरलो. परत येताना जीपमध्ये ती खूप रडली आणि मी तिला रडू दिलं. "पुढच्या वर्षी जिंकू" वगैरे म्हणाले नाही, कारण पुढच्या वर्षी ती आमच्या शाळेत नसणार हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

मात्र त्या जानेवारीपासून आमच्या शाळेत एक गोष्ट नवीन सुरू झाली. कबड्डी असो, खो-खो असो, आधी पंधरा मिनिटं तयारी. हळू धावणं, बाजूला धावणं, एका पायावर तोल, उठाबशा, आणि उडी मारून नीट उतरणं. उतरताना गुडघे वाकलेले हवेत आणि ते आत एकमेकांकडे झुकता कामा नयेत, पावलांच्या रेषेतच राहिले पाहिजेत. पायाचा आवाज जितका कमी, तितकं उतरणं चांगलं. "मांजरासारखं उतरा," असं मी सांगते. वयात येणाऱ्या मुलींचा हा बंध मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतो, हे खरं आहे. पण नेमाने अशी तयारी केली तर दुखापती कमी होतात, हेही तितकंच खरं आहे. मग मुलींना खेळापासून तोडायचं कशाला, तयारीला लावायचं! जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. तिच्या घरच्यांनीही गुडघ्याला भिऊन खेळ बंद केला असता तर?

नऊ महिने भरले, डॉक्टरांनी दोन्ही पायांची ताकद तपासली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आमची सहल लोहगडावर गेली. मळवलीहून भाजे, तिथून लोहगडवाडी आणि मग दगडी पायऱ्या. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा. चढताना दम लागतो, पण गुडघ्याची कसोटी लागते ती उतरताना. उतारावर शरीराचा सगळा भार गुडघ्यावर येतो. उतरताना सगळ्यात पुढे कर्णधार होती, आणि मागच्या लहानग्यांना दरडावत होती, "पळू नका रे! गुडघा वाकवून उतरा! आवाज नाय पाहिजे पायाचा!" ती आता हायस्कूलच्या संघातून कबड्डी खेळते. दुखलं तर खेळ थांबवते आणि घरी सांगते.

मुलांनो, तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. खेळताना 'टक्' आवाज आला, गुडघा लगेच सुजला, पाय टेकवेना किंवा गुडघा दगा द्यायला लागला, तर त्याच दिवशी मोठ्यांना सांगा. रोज थोडं थोडं दुखत असेल, तरी सांगा. गुडघा जे सांगतोय ते लपवून शहाणपण येत नाही.

आणि पालकहो, तुमच्याकडेही एक मागणं. मूल दुखणं लपवतं ते बहुतेक वेळा एकाच भीतीने, की सांगितलं तर खेळ जाईल. तेव्हा ते सांगायला आलं की आधी डॉक्टरांकडे न्या. "खेळ बंद" हे शब्द मात्र तोंडातून काढू नका.